आत्या, पाण्यात कधी उतरतेस?

ती. आत्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "एवढ्या गारठ्यात त्या तळ्यात जाऊन तुम्ही बायका करता तरी काय गं?" मी म्हटलं, पोहतो. तू म्हणालीस, "ते कळलं मला." मग तू गप्प झालीस आणि मीही. आपल्या दोघींमध्ये पाण्याचा विषय निघाला की असंच होतं, पहिल्यापासून. म्हणून हे पत्र. छापायलाच देतेय, कारण तुला एकटीला पाठवलं तर तू ते वाचून, घडी घालून देवघराच्या खणात ठेवशील आणि उत्तर देणार नाहीस. छापून आलं की वाईतल्या तुझ्या मैत्रिणी वाचतील, तुला विचारतील. विचारू देत.

तर ते तळं. लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेड हीथ नावाचं मोठं रान आहे, साधारण 320 हेक्टरचं. गवताळ चढउतार, जुनी ओकची झाडं आणि एकाखाली एक अशी तळ्यांची ओळ. ही तळी माणसांनी केलेली आहेत. सतराव्या-अठराव्या शतकात शहराला पाणी पुरवायचं म्हणून फ्लीट नदीच्या उगमाकडच्या ओढ्यांना बांध घातले, त्यांतून ती झाली. पुढे शहर वाढत गेलं आणि खालच्या अंगाची नदी त्याने गाडून टाकली. आज ती रस्त्यांखालून, बंदिस्त नळांतून जाते आणि ब्लॅकफ्रायर्सच्या पुलाजवळ थेम्सला मिळते. उजेडात राहिलं ते एवढं डोक्याकडचं पाणी. त्यातल्या तीन तळ्यांत पोहता येतं. एक पुरुषांचं, एक सगळ्यांचं आणि एक आमचं, केनवुड लेडीज पाँड. पुरुषांना त्यांचं तळं 1893 मध्ये मिळालं. बायकांचं उघडायला 1925 साल उजाडलं.

मिलफील्ड लेन नावाच्या अरुंद गल्लीतून गेलं की एक फाटक लागतं. तिथे पाटी आहे: हे फक्त बायकांसाठी, पुरुषांनी यापुढे येऊ नये. किती दारांवर याच्या उलट पाट्या वाचल्या असतील गं आपण, लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या! मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या पाटीपाशी थांबले, ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि डोळे भरून आले. माझ्या ऑफिसातली जी आयरिश बाई मला घेऊन गेली होती, ती काही बोलली नाही. नुसती थांबली. नंतर म्हणाली, इथे बऱ्याच जणी रडतात.

फाटकातून उतरत गेलेली झाडाखालची वाट, मग लाइफगार्डची खोली, तिच्याबाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं पाण्याचं तापमान. पुढे लाकडी फलाट आणि पाण्यात उतरणारी शिडी. उथळ बाजू नाहीच. शेवटची पायरी सुटली की पायाखाली काही लागत नाही. पाणी चहासारखं तपकिरी-हिरवं, आपलाच हात कोपराच्या पुढे दिसत नाही. क्लोरिनचा वास नाही. चिखलाचा आणि पाल्याचा आहे. काठाला वाळुंज झुकलेले, पाणकोंबड्या आपल्या पिलांना घेऊन हाताच्या अंतरावरून जातात, आणि नशीब असलं तर खंड्या दिसतो. इथला खंड्या आपल्यापेक्षा लहान, पण निळा तसाच.

पण तुला खरं सांगायचंय ते बायकांविषयी.

तुला वाईच्या घाटावरची ती कसरत आठवते का? आंघोळ करून ओल्या लुगड्यातच कोरडं लुगडं नेसायचं, टाच दिसता कामा नये, पाठ दिसता कामा नये, आणि वर पुन्हा हसत बोलत असल्यासारखं दाखवायचं. तू त्यात पटाईत होतीस. मला वाटायचं, शरीर म्हणजे काहीतरी चोरीचा माल, तो एका कापडातून दुसऱ्या कापडात हलवायचा. आणि इथे? पहिल्या दिवशी माझ्या शेजारी एक ऐंशीच्या पुढची बाई उघडी उभी होती. एका बाजूला छाती नव्हती, तिथे आडवा व्रण. ती टॉवेलने पाय पुसत मला सांगत होती की आज पाणी काल होतं त्यापेक्षा बरं आहे. पलीकडे आठ महिन्यांची गरोदर मुलगी. एकीच्या पोटावर टाके, एकीच्या मांड्यांवर निळ्या शिरांचं जाळं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, आणि कुणी मुद्दाम नजर चुकवतही नव्हतं. मी पंचेचाळीस वर्षांची होऊन गेले होते आणि म्हातारी बाई कशी दिसते हे मला माहीत नव्हतं. आजीला मी कधी तसं पाहिलं नाही. आईला शेवटच्या आजारपणात पाहिलं असतं, पण तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती.

आईविषयी मी तुझ्याशी बोललेच नाही ना. तू तिच्या उशाशी होतीस, मी फोनच्या पडद्यावर. तिला अग्नी दिला तेव्हा इथे पहाट होती. त्यानंतर दीडेक वर्ष मी नीट झोपले नाही. रात्री तीनला जाग यायची, अंगातून वाफा निघायच्या, छातीत धडधड, आणि मनात एकच वाक्य फिरत राहायचं, मी तिथे नव्हते. पाळी जाण्याचे दिवस आणि हे दुःख एकमेकांत इतकं मिसळलं होतं की काय कशामुळे होतंय ते कळेना. आत्या, तुझ्यावर राग आहे तो इथे. तुम्ही सगळ्या यातून गेलात. आजी, आई, तू. एकीने तरी सांगितलं का? "बाईच्या जातीला असतंच" यापलीकडे एक वाक्य? शाळेत तास घेताना तुला घामाने भिजून जाताना मी पाहिलंय. तू म्हणायचीस, उकडतंय फार. डिसेंबर होता तो.

तळ्याने मला बरं केलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर होत्या, गोळ्याही होत्या. पण पाण्यात काय होतं ते सांगते. थंड पाणी अंगाला लागलं की पहिल्या क्षणी दम कोंडतो, आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, काळीज धावायला लागतं. ते धोक्याचं असतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर माणूस बुडू शकतो. म्हणून उडी मारायची नाही. शिडीवरून सावकाश उतरायचं, श्वास सोडत राहायचं, मिनिटभर धीर धरायचा. मग ते ओसरतं. पुन्हा पुन्हा गेलं की शरीर शिकतं, दचकणं कमी होतं. रात्री तीनला छातीत जे व्हायचं तेच इथे दिवसाउजेडी व्हायचं, आणि ते ओसरतं हे मला इथे कळलं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ते मला पटलं नसतं.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 2024 मध्ये यावर एक पाहणी प्रसिद्ध केली. थंड पाण्यात पोहणाऱ्या 1,114 बायकांना त्यांनी विचारलं. त्यांतल्या 785 जणी पाळी जाण्याच्या काळातल्या होत्या. या 785 पैकी 46.9 टक्के जणींनी सांगितलं की घालमेल कमी झाली, आणि सुमारे 30 टक्के जणींनी सांगितलं की वाफा कमी झाल्या. आता तू विज्ञानाची मास्तरीण, लगेच म्हणशील की ज्यांना आवडतं त्याच पोहायला जातात आणि त्यांनाच विचारलं. बरोबर आहे. हा काही अखेरचा पुरावा नाही. पण इतक्या बायकांना कुणीतरी हा प्रश्न विचारला, हेच मला मोठं वाटलं. तुला कुणी विचारला होता?

हिवाळ्यात पाणी तीन-चार अंशांवर येतं, कधी त्याहून खाली. काही सकाळी लाइफगार्ड बर्फ फोडून वाट करतात. तेव्हा आम्ही लोकरी टोप्या डोक्यावर ठेवूनच पोहतो, हातात रबरी मोजे, आणि दोन-चार मिनिटांत बाहेर. बाहेर आल्यावर खरी थंडी सुरू होते. हातापायांतलं गार रक्त आत परत येतं आणि अंग आणखी गार होत जातं, म्हणून गरम पाण्याच्या शॉवरखाली धावायचं नाही, आधी पटापट कोरडं व्हायचं, लोकर चढवायची, गरम काहीतरी प्यायचं. आणि इथेच गंमत आहे. बोटं वळत नाहीत गं. हूक लागत नाही, बूट बांधता येत नाही, थर्मासचं झाकण फिरत नाही. मग शेजारची बाई पाठीमागे येते आणि न विचारता तुझा हूक लावून देते. तिचं नाव माहीत नसतं. पुढच्या आठवड्यात तू दुसरीचा लावतेस. असे वर्षभर हूक लावून झाल्यावर कधीतरी नावं कळतात. मग कळतं की ती अमुक न्यायाधीश होती, तमुक बस चालवते, हिचा नवरा गेला, तिची मुलगी बोलत नाही. मी आल्याचा चहा नेते, तुझ्या पद्धतीचा, गवती चहाची पात घालून. आता डिसेंबर लागला की मला विचारतात, तुझ्या आत्याचा चहा आणलास का? तू तिथे पोचलेली आहेस, आत्या. फक्त तुला माहीत नव्हतं.

हॅरोतल्या माझ्या घरातून तळ्यावर पोचायला मला तास लागतो. जवळ चांगला गरम पाण्याचा तलाव आहे, तिथे मी जात नाही. तिथे पट्टे आखलेले असतात, प्रत्येकाने आपल्या पट्ट्यात, भिंतीला हात लावून परत. तळ्यात पट्टे नाहीत. बायका गोल गोल पोहतात, मधेच थांबतात, बांधून ठेवलेल्या रबरी कड्याला धरून गप्पा मारतात. मान वर काढून शांतपणे पोहणाऱ्या दोघी समोरून येतात आणि त्यांचं अर्धं बोलणं कानावर पडून जातं. मला अशा वेळी घाटावरच्या बायका आठवतात. धुणं हे निमित्त होतं ना गं? घरात जे बोलता येत नव्हतं ते तिथे पाण्याच्या आवाजात बोलून मोकळं व्हायचं. नळ आले, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण बायकांना एकत्र बसायला पाण्याकाठी जी जागा होती ती गेली, आणि तिच्या बदल्यात कुणी काही दिलं नाही.

आता तुझी गोष्ट. ती तू मला कधी सांगितली नाहीस. बाबांनी सांगितली, शेवटच्या वर्षी, एका दुपारी. म्हणाले, "आमच्यात पोहण्यात एक नंबर तुझी आत्या. पाठीला वाळका भोपळा बांधून मला तिनेच शिकवलं. परकराचा काचा मारून सूर मारायची. पावसाळ्यात नदी भरली की आम्ही काठावर उभे, आणि ही पलीकडच्या तीराला." मी विचारलं, मग? बाबा म्हणाले, "मग ती मोठी झाली."

बारा वर्षांची होतीस ना तू? 1963 साल असेल. धोमचं धरण व्हायचं होतं, कृष्णा अजून तिच्या मर्जीने यायची-जायची. एक दिवस तुला सांगितलं गेलं की आता पुरे. कुणी सांगितलं, आजीने? रागावून की समजावून? तू भांडलीस का? की नेहमीसारखं "बरं" म्हणालीस? ज्या गावात दरवर्षी घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसतो, नदीला आई म्हणून साडीचोळीने ओटी भरतात, त्याच गावात तिच्या लेकींना वयात आल्या की पाण्यातून बाहेर काढलं. भाऊ पोहत राहिले. तू पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळलेस.

आणि मी मे महिन्यात वाईला यायचे, तेव्हा त्याच पायरीवर बसून तू माझं मनगट धरून ठेवायचीस. "खोल आहे गं, पुढे नको." मी हात ओढायचे, तू सोडायची नाहीस. मला वाटायचं, माझी आत्या पाण्याला घाबरते. सगळ्या घरालाच तसं वाटू दिलंस तू. ते पाणी तुझ्या अंगाला पाठ होतं, आणि तू मला चार हात मारायलाही शिकवलं नाहीस. का? आधी मला गोडी लागू द्यायची आणि मग एक दिवस तूच मला बाहेर काढायचं, हे तुला करायचं नव्हतं का? मी आता असाच अर्थ लावते. चुकत असेल तर सांग.

पण पुण्यात माझ्या पोहण्याच्या लेडीज बॅचची फी कुणी भरली? आई म्हणाली होती, एवढे पैसे पोहण्यावर कशाला. आठवड्याभराने मनीऑर्डर आली, आणि बरोबर पोस्टकार्डावर एकच ओळ, "कॉस्च्यूम चांगला घ्या, स्वस्तातला घेऊ नका." ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. दुपारी भर उन्हात, पुरुषांच्या सोयीच्या वेळा संपल्यावर उरलेला तो एक तास बायकांचा असायचा. त्या तासाने मला तरंगायला शिकवलं. तू दिलास तो.

इथलंही सगळं आपसूक मिळालेलं नाही. 1989 पासून हीथ सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनच्या ताब्यात आहे, आणि तळी खर्चिक आहेत, धोक्याची आहेत, अशी कुरकुर अधूनमधून होत आली. 2005 मध्ये हिवाळी पोहणाऱ्यांच्या एका मंडळाने मिश्र तळ्यासाठी थेट उच्च न्यायालयात जाऊन सिद्ध केलं की सज्ञान माणसाला स्वतःच्या जोखमीवर पोहण्याची मोकळीक हवी. त्याच सुमाराला पूर्वी फुकट असलेल्या तळ्यांवर दोन पौंडांचं शुल्क आलं. द्यायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या सचोटीवर होतं. 2020 पासून ते सक्तीचं झालं. त्यावर आमच्या बायका चिडल्या, आणि माझ्या मते बरोबर चिडल्या, कारण जिला त्या पाण्याची सगळ्यात गरज तिच्याच पर्समध्ये ते पैसे नसतात. ट्रान्स स्त्रियांच्या प्रवेशावरूनही कडाक्याचे वाद झाले आहेत, आणि मैत्रिणी त्यात दुरावल्या. मला त्याचं वाईट वाटतं. मी जिच्याकडून हूक लावून घेतला तिला मी कधी काही विचारलं नाही, आणि विचारावंसं वाटलंही नाही.

तळ्यापासून फार दूर नाही, प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते. आता ते महाराष्ट्र सरकारने घेऊन स्मारक केलंय. तू आलीस की आधी तिथे जाऊ, तुझी किती वर्षांची इच्छा आहे. मी तिथून तळ्याकडे निघते तेव्हा मनात हटकून महाड येतं. 1925 मध्ये इथे बायकांसाठी तळं उघडलं, आणि 20 मार्च 1927 ला तिथे हजारो माणसांना चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी मोर्चाने जावं लागलं, वर मार खावा लागला. या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे तू वर्गात मुलांना शिकवलंस आणि मलाही. तिथे माणूसपणाचा प्रश्न होता. पण गावाचं पाणी खरोखर कुणाचं, हे पाटीवरून ठरत नाही, कुणाला त्यात पाय टाकता येतो त्यावरून ठरतं, एवढं मी महाडकडूनच शिकले.

तू म्हणशील, आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी काय. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं तुला? चालू नका, पोहा. तू मला ते फोनवर हसत हसत सांगितलंस, जणू त्यांनी चंद्रावर जायला सांगितलंय. आत्या, इथे तुझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायका काठी शिडीला टेकवून पाण्यात उतरतात. जमिनीवर त्यांना दहा पावलं जड जातात, आणि पाण्यात त्यांच्यामागे मला धाप लागते. पाठ झालेलं अंग विसरत नाही.

कृष्णेत उतर असं मी म्हणणार नाही. तूच सांगतेस की घाटाजवळचं पाणी आता पाय बुडवायच्या लायकीचं राहिलं नाही. त्याबद्दल गावाने भांडायला हवं, बायकांनी आधी. पण तलाव आहेत, दुपारच्या लेडीज बॅच आहेत. साताऱ्याला चौकशी कर, नाहीतर पुण्याला माझ्या घरी महिनाभर राहा. किल्ली शेजारी आहे. सोबत तुझ्या भिशीतल्या दोघी-तिघींना ओढ. एकटीने गेलीस तर लाजशील, चौघी गेलात तर तलाव तुमचा होईल. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे पोहण्याचे कपडे आता सगळीकडे मिळतात, त्यामुळे ते कारण चालणार नाही.

आणि मग इकडे ये. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्याचं पाणी वीस अंशांच्या आसपास असतं, हिवाळ्याचं काही मनात आणू नकोस. फलाटावर तुझं मनगट मी धरीन, आणि तू म्हणशील तेव्हा सोडीन. तुझ्या पासपोर्टची मुदत संपत आलीय. या आठवड्यात अर्ज भर, व्हिसाचं मी बघते.

तुझी भाची